आपला खेळ कोणता?

जालना जिल्ह्यातील एखाद्या गावची शाळा डोळ्यांपुढे आणावी. दुपारचे ऊन कलले आहे. शेवटच्या तासाची घंटा होते आणि मुलेमुली मैदानाकडे धाव घेतात. मैदान म्हणजे मुरूम टाकून सपाट केलेले एक मोकळे आवार. दोन टोकांना दोन खांब रोवलेले आणि एका कडेला जुने कडुनिंबाचे झाड. गुरुजी गट पाडतात आणि खो-खोला रंग चढतो. परंतु बारा वर्षांची एक मुलगी थोड्याच वेळात बाद होते आणि झाडाखाली येऊन बसते. ती अंगाने उंच व थोराड आहे. धावता धावता वळताना तिचा तोल जातो. हुलकावणी देणे तिला साधत नाही. हिला बाद करणे सर्वांत सोपे, हे प्रतिपक्षाला एव्हाना पाठ झाले आहे. पुढच्या आठवड्यात गट पाडताना तिला सर्वांच्या शेवटी घेतात. त्याच्याही पुढच्या आठवड्यात ती आपण होऊनच झाडाखाली जाऊन बसते. कोणी विचारले तर म्हणते, "मला खेळच येत नाहीत."

तिचे म्हणणे खरे आहे काय? "मला खो-खो येत नाही" आणि "मला खेळच येत नाहीत" या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. एक धडा अवघड गेला म्हणून कोणी सारे पुस्तक मिटून ठेवीत नाही. खेळाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा तसे घडते. एका खेळात आलेले अपयश मुले सर्व खेळांना लावतात आणि मोठी माणसेही "हिचा पिंडच खेळाडूचा नाही" असे म्हणून मोकळी होतात. बाराव्या वर्षी मैदानाकडे पाठ फिरविलेल्या मुलीला पुढे मैदानावर परतणे कठीण जाते. अंगी असलेले बळ तिला कधी कळतच नाही. म्हणून मुलीला तिचा खेळ शोधून देणे हे काम वाटते तितके लहान नाही.

जालना जिल्ह्याला शरीरसाधनेचा विचार नवा नाही. याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली या गावी झाला. समर्थांनी ठिकठिकाणी मारुतीची मंदिरे स्थापन केली आणि लोकांस बलोपासनेचा उपदेश केला. पुढे मारुतीचे देऊळ आणि त्याच्या शेजारी तालीम ही जोडी महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत दिसू लागली. तालमीचे दार मात्र बहुधा मुलग्यांसाठीच उघडे असे. आज तो भेद मानण्याचे कारण उरलेले नाही. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे चांगली हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस व्हावा, असेही ती सांगते. हे सांगणे मुलगे आणि मुली या दोघांसाठीही आहे. तो केवळ चपळ मुलांसाठीही नाही. जी मूल चटकन बाद होते तिलाही तो तितकाच लागू आहे.

मग एकच खेळ सर्वांना सारखा का साधत नाही? याचे पहिले कारण शरीराच्या घडणीत आहे. आपले स्नायू असंख्य बारीक तंतूंचे बनलेले असतात. त्यांतील काही तंतू झटकन आखडतात आणि मोठा जोर देतात, परंतु लवकर थकतात. दुसरे तंतू सावकाश आखडतात, पण बराच वेळ न थकता काम करीत राहतात. दोन्ही प्रकारचे तंतू प्रत्येकाच्या शरीरात असतात. त्यांचे प्रमाण मात्र सर्वांचे सारखे नसते. म्हणून कोणी शंभर मीटर वाऱ्यासारखे पळते आणि लगेच धापा टाकते. तर कोणी आरंभी मागे पडते, परंतु दोन मैल पळूनही ताजेतवाने राहते. उंची, हातापायांची लांबी, अंगाचा लवचीकपणा यांतही असाच फरक असतो.

दुसरे कारण स्वभावात आहे. काही मुलींना सोबतीणींच्या घोळक्यात हुरूप येतो. त्यांना कबड्डी, खो-खो यांसारखे सांघिक खेळ मानवतात. काहींना एकटीने, कोणाशी न बोलता, एकच गोष्ट शंभरदा करून पाहण्यात आनंद वाटतो. गलक्यात त्या गोंधळतात, पण शांततेत त्यांचे मन एकाग्र होते.

तिसरे कारण वयाचे आहे. अकरा ते तेरा या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढते. पण ती सर्वांची एकाच वेळी वाढत नाही. एकाच वर्गातील दोन मुलींच्या उंचीत वीतभर अंतर असू शकते. हातपाय धडाच्या आधी लांब होतात, त्यामुळे काही काळ तोल सांभाळणे कठीण जाते. या काळात जी मुलगी अडखळते ती दोन वर्षांनी तशीच अडखळेल, असे मुळीच नाही. तेव्हा या वयात तिच्यावर कायमचा शिक्का मारणे म्हणजे कैरी आंबट लागली म्हणून झाडच तोडण्यासारखे आहे.

एक खेळ एकीला कसा मानवतो आणि दुसरीला कसा वेगळ्या वाटेने नेतो, हे खो-खोच्याच उदाहरणावरून पाहता येते. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एका ओळीत, आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणाऱ्या खेळाडूला क्षणाक्षणाला दिशा बदलावी लागते. वेगाइतकीच चपळाई आणि सोबत्याचा मनोदय ओळखण्याची हुशारी येथे लागते. मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांना हा खेळ पुरेपूर मानवला. २०१६ साली गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा जालन्यासारखाच अवर्षणाची झळ सोसणारा प्रदेश. त्या तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर याही शाळेत असताना खो-खो खेळत असत. परंतु पुढे त्या लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळल्या. मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या. येवढे यश मिळाल्यावर दुसरे कोणी तेथेच थांबले असते. पण त्यांनी आणखी एक वळण घेतले आणि स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत पत्करली. या शर्यतीत ३००० मीटर धावता धावता २८ वेळा लाकडी अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. येथे लांब पळणाऱ्याचा दम हवा आणि उडी घेणाऱ्याची चपळाईही हवी. त्यांनी २०१४ साली आशियाई क्रीडा स्पर्धांत कांस्यपदक मिळविले आणि २०१५ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये तर त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि तीत त्या दहाव्या आल्या. धावपट्टीवरील शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला त्यापूर्वी दिसली होती ती १९८४ साली, पी. टी. उषा यांच्या रूपाने. खो-खो सोडल्यामुळे ललिता बाबर यांची शाळेतली वर्षे वाया गेली, असे कोण म्हणेल? त्या वर्षांनी त्यांना मैदानाची गोडी लावली, आणि त्या गोडीनेच त्यांना त्यांच्या खेळापर्यंत नेले.

तथापि प्रत्येकीला अशी वाट आपोआप सापडत नाही. तेथे घरच्या व शाळेतल्या वडीलधाऱ्यांनी हात द्यावा लागतो. तो कसा द्यावा, याचे एक सुंदर उदाहरण साताऱ्याच्या अदिती स्वामी हिचे आहे. तिचे वडील गणिताचे शिक्षक. मुलीने एखादा तरी खेळ खेळावा, अशी त्यांची इच्छा होती. तो कोणता, हे मात्र त्यांनी ठरविले नाही. अदिती लहान असताना ते तिला साताऱ्यातील क्रीडांगणावर घेऊन गेले. तेथे पुष्कळ मुले फुटबॉल खेळत होती. कोणी व्यायाम करीत होते. अदितीचे लक्ष मात्र एका कोपऱ्याकडे गेले. तेथे थोडी मुले धनुष्यबाण घेऊन लक्ष्यावर नेम धरीत होती. तिला तो खेळ आवडला आणि वडिलांनी तिची निवड मान्य केली.

तिने कंपाउंड नावाचे धनुष्य हाती घेतले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या असतात. दोरी पुरती मागे ओढली म्हणजे कप्प्यांमुळे हातावरचा भार हलका होतो आणि धनुर्धराला स्थिर राहून नेम धरता येतो. लक्ष्य ५० मीटर दूर असते आणि त्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर रुंद असते. येथे धावपळ नाही, आरडाओरडा नाही. श्वास आवरून, मन एका बिंदूवर ठेवून तीच कृती पुनःपुन्हा करावयाची. धनुष्यबाण महाग, त्यांसाठी वडिलांना कर्ज काढावे लागले. परंतु मुलीची एकाग्रता ढळली नाही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने पंधरा बाणांत १५० पैकी १४९ गुण मिळविले आणि सतराव्या वर्षी ती जगज्जेती झाली. त्या दिवशी क्रीडांगणावर वडिलांनी "तू फुटबॉलच खेळ" असे म्हटले असते, तर ती कदाचित एक सामान्य खेळाडू झाली असती; किंवा तीही एखाद्या झाडाखाली जाऊन बसली असती.

यावरून पहिला नियम असा निघतो की, निवड करण्यापूर्वी मुलीला अनेक खेळ पाहावयास मिळाले पाहिजेत. दुसरा नियम असा की, निवडीची घाई करू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांना २००९ साली त्यांच्या वडिलांनी महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे वर्षभर कसून शरीराची तयारी झाल्यावर त्यांना एक खेळ निवडावयाचा होता. त्यांनी नेमबाजी निवडली. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत पदक मिळविले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. आधी सर्वांगाची तयारी आणि मग एका खेळाची निवड, हा क्रम येथे किती फलदायी ठरला, हे उघड आहे.

तिसरा नियम असा की, ज्या खेळाचा बोलबाला अधिक तो आपलाच, असे समजू नये. जालन्याच्या विजय झोल यांनी २०११ साली कूचबिहार करंडक स्पर्धेत एका डावात नाबाद ४५१ धावा काढल्या आणि २०१४ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व केले. त्यांचे कौतुक वाटून गावोगावच्या मुलांनी बॅट हाती घेतली तर त्यात नवल नाही. परंतु विजय झोल यांना क्रिकेट मानवले म्हणून ते प्रत्येकाला मानवेलच, असे नाही. आपला खेळ ओळखण्याची खूण निराळी आहे. जो खेळ संपल्यावर "आणखी थोडा वेळ" असे मनात येते, ज्यातील चूक झाली तरी ती सुधारण्याची ओढ लागते, आणि जो कोणी पाहत नसतानाही खेळावासा वाटतो, तो आपला खेळ.

खेड्यात हे सर्व कसे साधावे, असे कोणी विचारील. प्रत्येक गावी तिरंदाजीचे मैदान असत नाही. पोहण्याच्या तलावाची तर बातच नको. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच जेथे वानवा, तेथे पोहावे कोठे? परंतु अनुभव घेण्यास नेहमीच महाग साहित्य लागते असे नाही. लंगडी, कबड्डी आणि खो-खो यांना मोकळी जागा पुरते. दोरीवरच्या उड्यांना एक दोरी आणि धावण्याला एक पायवाट पुरते. वाळूच्या खड्ड्यात लांब उडी मारता येते. सूर्यनमस्कार व योगासने घरच्या ओसरीवर करता येतात आणि बुद्धिबळाचा पट मांडीएवढ्या जागेत मावतो. गुरुजींनी दर पंधरवड्याला एक निराळा खेळ घेतला, तरी एका वर्षात मुलींना पुष्कळ खेळांची ओळख होईल. मात्र चैत्र-वैशाखात खेळ सकाळी उन्हाच्या आत आटोपावा आणि मध्ये मध्ये पाणी प्यावे.

याहून मोठी अडचण जागेची किंवा साहित्याची नसून वेळेची असते. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून खेळावयास पळतो. मुलीला मात्र पुष्कळ घरांत पाणी भरणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, चुलीशी आईला हात लावणे ही कामे वाट पाहत असतात. घरकाम करण्यात कमीपणा नाही. पण ते एकीच्याच वाट्याला का यावे? बहीणभावांनी ते वाटून घेतले, तर दोघांनाही खेळावयास तासभर मिळेल. मैदानाचेही तसेच आहे. मुलगे आधी पोचले म्हणून सारे मैदान त्यांचे होत नाही. मुलीला खेळ शोधून देणे म्हणजे प्रथम तिला तिचा वेळ आणि तिची जागा देणे होय.

आणि निवडलेला खेळ पुढे सोडावा लागला तर? तर दुसरा निवडावा. त्यात हार नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात असताना मुष्टियुद्ध खेळत असत. १९६५ सालच्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि त्यांना कायमचे अपंगत्व आले. मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि पोहण्यातच त्यांना नवा खेळ गवसला. १९७२ साली हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धांत त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होते. शरीर बदलले तेव्हा त्यांनी खेळ बदलला. खेळणे मात्र सोडले नाही.

आता पुन्हा त्या कडुनिंबाखाली बसलेल्या मुलीकडे वळू. खेळाच्या तासाला ती उदास असते. पण ज्वारी हुरड्यात आली म्हणजे हीच मुलगी शेतातल्या माळ्यावर उभी राहून पाखरे राखते. तिच्या गोफणीतून सुटलेला खडा शेताच्या पार बांधापर्यंत जातो. वळताना जो तोल तिला आवरत नाही, तो तेथे पाय रोवून उभी राहिल्यावर जराही ढळत नाही. तिच्या खांद्यात बळ आहे आणि हाताला अंतराचा अंदाज आहे. हे कोणी पाहिले आहे काय? उत्तर प्रदेशातील अन्नू रानी या मुलीच्या हातातील असेच बळ क्रिकेटचा चेंडू फेकताना तिच्या भावाच्या ध्यानी आले. त्याने तिला उसाच्या कांड्या फेकण्याचा सराव करावयास लावले. पुढे त्याच मुलीने भालाफेकीत २०२३ साली हांगझो येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत ६२.९२ मीटर भाला फेकून सुवर्णपदक जिंकले. भावाने पाहिले नसते, तर ते बळ कोणाला कळले असते?

म्हणून गुरुजींनी एके दिवशी त्या मुलीच्या हाती चेंडू द्यावा आणि "फेक पाहू!" असे म्हणावे. चेंडू खांबाच्या पलीकडे, कुंपणाच्याही पलीकडे जाऊन पडेल, तेव्हा तिला हसणाऱ्या मुली टाळ्या वाजवतील. मग वेळूची काठी तासून तिचा भाला करता येईल. गोळाफेक व थाळीफेक हेही खेळ तिला करून पाहता येतील. ती पदक मिळवील किंवा मिळविणार नाही. पदके थोड्यांनाच मिळतात. परंतु त्या दिवसापासून "मला खेळच येत नाहीत" हे वाक्य ती पुन्हा उच्चारणार नाही, आणि हाच मोठा लाभ आहे.

प्रत्येक मुलीच्या अंगी काही ना काही बळ असते. कोणाचे पायांत, कोणाचे हातांत, कोणाचे नजरेत, तर कोणाचे चिकाटीत. ते कोठे दडले आहे, हे शोधण्याचे काम तिचे एकटीचे नाही. घराचे, शाळेचे आणि सोबतीणींचेही आहे. मैदानाच्या कडेला कोणी एकटी बसलेली दिसली, तर "तुला खेळ येत नाही" असे तिला म्हणू नये. "तुझा खेळ कोणता, तो आपण शोधू या," असे म्हणावे.